उत्खननात सापडलेल्या ग्रीक खापरांवरचा काळा रंग अडीच हजार वर्षांनीही कसा टिकतो?

कारण तो वरून फासलेला रंग नाही, तीही मातीच आहे. अथेन्सचे कुंभार लोहयुक्त माती पाण्यात कालवून निवळू देत आणि त्यातल्या अगदी बारीक कणांच्या पातळ लेपाने चित्र काढत. भाजणी एकच, पण तीन टप्प्यांत. आधी हवा खेळती ठेवायची, सगळं भांडं लाल होतं. मग ९०० अंश सेल्सियसच्या आसपास झरोके बंद करून ओलं लाकूड टाकायचं. प्राणवायू तुटला की भांडं अख्खं काळं पडतं आणि लेपाचे कण वितळून काचेसारखे घट्ट बसतात. शेवटी पुन्हा हवा सोडली की उघडी माती परत लाल होते, पण त्या घट्ट थरात हवा शिरतच नाही. तो काळाच राहतो. कसलं जबरदस्त कसब आहे हे! पांढरा रंग मात्र वरून देत, म्हणून तो बऱ्याचदा उडालेला दिसतो.

खापर नीट पाहिलं तर काळही कळतो. काळ्या आकृतीत दाढी, वस्त्राच्या चुण्या टोकदार हत्याराने कोरलेल्या असतील तर ती जुनी पद्धत. इ.स.पू. ५३० च्या सुमारास उलटी पद्धत आली: पार्श्वभूमी काळी, आकृती लाल, तपशील कुंचल्याने. तिरप्या उजेडात त्यातल्या काही रेषा उठावदार दिसतात, बोटालाही लागतात. इ.स.पू. ४८० मध्ये इराण्यांनी अथेन्स जाळलं, त्या ढिगाऱ्यातली खापरं कालगणनेला फार उपयोगी पडली आहेत.