रंग जास्त, उजेड कमी

प्रश्न : प्रथिन शोधण्यासाठी अँटिबॉडीला (ठरावीक प्रथिनाला चिकटणाऱ्या प्रथिनाला) एफआयटीसी हा चमकणारा रंग जोडला. रंग दुप्पट घातल्यावर चमक उलट घटली, पार्श्वभूमी मात्र उजळली. असं का?

उत्तर : एका अँटिबॉडीवर रंगाचे रेणू दाटीवाटीनं बसले की एकमेकांचा उजेड गिळतात. शिवाय रंग अँटिबॉडीतल्या लायसिन या अमिनो आम्लावर बसतो. नेमकं पकडीच्या जागचं लायसिन झाकलं गेलं तर अँटिबॉडी प्रथिनाला धरतच नाही.

मिलीलिटरला २ मिलिग्रॅम अँटिबॉडी, पीएच ९ च्या कार्बोनेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) घ्या. आधीच्या बफरमधलं ट्रिस (लायसिनसारखाच अमाइन गट असलेलं रसायन) डायलिसिसनं, म्हणजे छोटे रेणू पडद्यातून बाहेर सोडून, पूर्ण काढा, नाहीतर निम्मा रंग तेच खाईल. रंग कोरड्या डीएमएसओ या द्रावकात (१ मिलिग्रॅम/मिलि) आयत्या वेळी विरघळवा. कालचा उरलेला नको. एक मिलि अँटिबॉडीला ५० मायक्रोलिटर पुरे, तेही ५-५ मायक्रोलिटर करून, हलवत. मग ४ अंश सेल्सिअसवर, अंधारात, ८ तास.

पार्श्वभूमीचा गुन्हेगार बहुधा सुटा रंग. सेफाडेक्स जी-२५ (मोठे रेणू आधी, छोटे मागून सोडणारे मणी) स्तंभातून पहिला उतरणारा पिवळा पट्टा, म्हणजे रंगवलेली अँटिबॉडी, तेवढा घ्या. मागून रेंगाळत येणाऱ्या दुसऱ्याचा, म्हणजे सुट्या रंगाचा, मोह नको!

शेवटी ४९५ (रंगासाठी) आणि २८० (प्रथिनासाठी) नॅनोमीटरवर प्रकाशाचं शोषण मोजा. रंगही २८० वर थोडा शोषतो. २८० च्या आकड्यातून ४९५ चा ०.३५ पट वजा केल्याशिवाय प्रथिनाचा हिशेब धरू नका. दर अँटिबॉडीमागे ३ ते ६ रंगरेणू आले की थांबा.