चरचरतंय म्हणजे गुण येतोय?

प्रश्न : मावशी, मी अमळनेरची, वय २८. बँकेत नोकरी, रोज स्कूटीवरून जाणं-येणं. त्वचा लहानपणापासून नाजूक. उन्हातून आले की गाल तांबडे होतात, साबण बदलला तरी आग होते. लग्नात नणंदेनं नऊ वस्तूंची महागडी टोपली दिली : फेसवॉश, स्क्रब, टोनर, दोन सीरम, गुलाबाचं तेल, मास्क, डोळ्यांखालचं क्रीम, नाइट क्रीम. महिनाभर सगळं मनापासून लावलं. आता साध्या पाण्यानंही चेहरा चरचरतो. नणंद म्हणते, चरचरतंय म्हणजे गुण येतोय, सोडू नको. शिवाय पार्लरमधून एक बिनलेबलची पांढरी डबी आणली आहे. ती लावली की चेहरा तुकतुकीत दिसतो, दोन दिवस नाही लावली की पुन्हा आग. मला सकाळ-संध्याकाळ स्वतःचे लाड करायचे आहेत गं. थोडी चैन हवी आहे. कशी करू?

उत्तर : बाकी सगळं नंतर, आधी ती पांढरी डबी.

भुसावळात मेडिकलच्या काउंटरमागे मला चोवीस वर्षं झाली. आठवड्यातून दोन-तीन मुली तरी दाबून दाबून चपटी झालेली ट्यूब पुढे करतात आणि म्हणतात, "हीच द्या, हिच्याशिवाय चेहऱ्याची आग होते." ट्यूब उलटी करून बघितली की बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काहीतरी निघतं. ही स्टिरॉइडं आहेत. इसब किंवा तशाच आजारात, डॉक्टरांनी सांगितलेले दिवस लावली तर उत्तम औषधं. गोरं दिसायला म्हणून महिनोन्महिने चेहऱ्यावर चोळली, की कातडी पातळ होते, गालांवर बारीक लाल शिरा दिसायला लागतात, पुरळ येतं, लव वाढते. बंद केलं की आग उसळते, म्हणून माणूस पुन्हा लावतो. सरकारनं २०१८ साली अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली ती याचसाठी. तुझ्या डबीत स्टिरॉइड आहेच असं मी पत्रावरून म्हणणार नाही. पण तू लिहिलेली लक्षणं अगदी तीच आहेत. डबी घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, फेकून देऊ नकोस, त्यांना ती बघायला हवी. सोडायची कशी हेही तेच ठरवतील. खासगी परवडत नसेल तर जळगाव आणि धुळ्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचाविभाग आहे.

आता नणंदेच्या म्हणण्याबद्दल. तिनं प्रेमानंच दिलं असणार, पण चरचरणं म्हणजे गुण नव्हे. आपल्याकडची धाब्याची घरं आठव. पावसाळ्याआधी वरची माती नीट चोपली नाही, तर पहिल्याच सरीला घर गळतं. त्वचेचा सगळ्यात वरचा थर तसाच असतो : पेशी आणि त्यांना सांधून धरणारा स्निग्धांश. सेरामाइड म्हणतात ते त्याच स्निग्धांशातलं. रोजच्या स्क्रबनं तू ती माती खरवडलीस. आता आतलं पाणी बाहेर जातं, आणि बाहेरचा सुगंध, आम्ल, साबण सरळ आत शिरतो. म्हणून साधं पाणीही लागतं.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. बारावीच्या सुट्टीत, मोठ्या बहिणीच्या हळदीआधी, मी चेहऱ्याला आणि गळ्याला लिंबू पिळलेली साय लावली आणि भर दुपारी वाळवणं राखत गच्चीवर बसले. चरचरत होतं, तरी पुसलं नाही. तिसऱ्या दिवशी हनुवटीपासून गळ्यापर्यंत, साय ओघळली होती तिथं, तपकिरी पट्टा उमटला. लिंबाच्या रसातली काही द्रव्यं उन्हात त्वचा भाजतात, हे मला फार्मसीला गेल्यावर कळलं. लग्नाच्या प्रत्येक फोटोत माझा पदर गळ्याशी गच्च धरलेला आहे. पट्टा जायला दिवाळी उजाडली.

तर निदान चार आठवडे टोपली कपाटात. तुझ्या चैनीला तीनच वस्तू लागतील : बिनवासाचं, फेस न होणारं सौम्य क्लिन्झर, सेरामाइड किंवा ग्लिसरीन असलेलं बिनसुगंधी क्रीम आणि झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. डॉक्टरांनी काही वेगळं लिहून दिलं तर ते आधी.

सकाळी फेसवॉश नकोच, नुसतं पाणी. पण कुठलं? तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर बादलीच्या कडेला पांढरा थर बसलेला दिसेल. हे क्षार साबणाशी मिळून चिकट साका तयार करतात आणि तो कातडीवर राहतो. म्हणून शेवटचा तांब्या माठातल्या पिण्याच्या पाण्याचा घे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा त्या गार पाण्याचा पहिला हबका म्हणजे काय सुख असतं, ते तुला मी सांगायला नको. डोळे सुजलेले असतील तर चांदीचे दोन चमचे रात्री फुलपात्रात बुडवून ठेव आणि सकाळी त्यांची पाठ पापण्यांवर मिनिटभर टेकव.

टॉवेलनं खसाखसा पुसू नकोस. घरात आजीचं जुनं सुती लुगडं असेल तर त्याचे हातभर तुकडे कर. शेकडो वेळा धुऊन ते इतकं मऊ झालेलं असतं, की दुकानातलं कुठलंच फडकं त्याच्या जवळपास येत नाही. टिपून घे, थोडी ओल राहू दे आणि त्या ओलीवरच क्रीम लाव. क्रीम बोटांच्या टोकांनी दाबत दाबत मुरव, घाई नको. मग तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर पूर्ण लांबीच्या दोन रेघा भरतील इतकं सनस्क्रीन, चेहरा आणि मान मिळून. एसपीएफ (उन्हापासून बचावाचा आकडा) ३० नीट लावलं तर त्वचा करपवणारे सुमारे ९७ टक्के किरण अडवतं, ५० असेल तर ९८. म्हणजे आकड्यापेक्षा किती लावतेस ते महत्त्वाचं. झिंकनं चेहरा जरा पांढरट दिसतो, त्याला पर्याय म्हणून रंगाची छटा असलेलं मिळतं. बाहेरच फिरणं असेल तर दर दोन तासांनी पुन्हा.

आणि स्कार्फ! तो रोज धुतेस का? कालचा घाम, धूळ, क्रीम आणि वासाच्या पावडरचा अंश, सगळं गालाला तासभर घासतं. चार सुती स्कार्फ ठेव आणि बिनवासाच्या पावडरनं धुऊन दोनदा खळबळून काढ. आधी हे कर, सीरमचं नंतर बघू.

खरे लाड संध्याकाळी. घरी आल्या आल्या क्लिन्झर, कारण सनस्क्रीन नुसत्या पाण्यानं निघत नाही. अंगाच्या साबणाची वडी चेहऱ्याला लावू नकोस. त्वचेचा पीएच, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा, साधारण ४.५ ते ५.५ असतो, वडीचा ९ ते १०. पाणी कोमट, कढत नको. मग वीस मिनिटं तुझी. कूलरच्या थेट झोतापासून जरा बाजूला बस. वासाची हौस आहे ना? मग मोगऱ्याचा गजरा उशाशी ठेव, चांदीच्या वाटीत गुलाबाच्या पाकळ्या ठेव. सुगंध खोलीत असू दे, गालावर नको. गुलाबाचं तेल नैसर्गिक असलं तरी नाजूक त्वचेला त्रास देणारी सुगंधी द्रव्यं त्यातही असतात. क्रीम सकाळपेक्षा जरा जाड थरात लाव, गळ्यापासून वर, हलक्या हातानं. जिथं पापुद्रे निघतात, म्हणजे नाकाच्या कडा आणि ओठांचे कोपरे, तिथं पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात. काउंटरवरची ही सगळ्यात स्वस्त डबी, पण आतलं पाणी अडवण्यात तिची बरोबरी महागड्या क्रीमांनाही जमत नाही. मात्र मुरुमांची प्रवृत्ती असेल तर चेहराभर नको.

महिन्यानंतर साधं पाणी लागेनासं झालं, तर टोपली उघड. एका वेळी एकच वस्तू. आधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, आठ-दहा दिवस. तिथं खाज, लाली काही नाही आलं तरच चेहऱ्यावर, आणि पुढची वस्तू त्यानंतर दोन आठवड्यांनी. स्क्रब मात्र भावाला टाचांसाठी देऊन टाक. गाल सतत तांबडे राहत असतील, वर बारीक पुळ्या येत असतील, तर तो रोसेशिया नावाचा त्वचेचा आजार असू शकतो. डॉक्टरांना तेही विचार.

प्रश्न : मुलतानी माती आठवड्यातून किती वेळा लावावी? त्वचा कोरडी आहे, लगेच खाजते. (शहादा)

उत्तर : एकदाही नाही. ती तेल शोषते आणि तुमच्याकडे शोषायला तेलच नाही.

प्रश्न : माझ्या आईचं वय ६८. थंडी पडली की नडग्यांना इतकी खाज सुटते, की रात्री उठून ती खाजवत बसते. सरसूचं (मोहरीचं) तेल लावतो. (यावल)

उत्तर : सरसूचं तेल आधी बंद करा भाऊ, ते वरचा थर आणखी बिघडवतं. आईंना कढत पाण्यानं अंघोळ आवडत असणार, ती कोमटवर आणि दहा मिनिटांवर आणा. नडग्यांना रोज साबण नको. पाय टिपल्या टिपल्या, ओले असतानाच पेट्रोलियम जेली लावा आणि वरून जुने सुती मोजे घाला. नखं बारीक कापून ठेवा. पंधरा दिवसांत उतार पडला नाही किंवा सगळ्या अंगाला खाज असेल, तर डॉक्टरांना दाखवा. ते रक्तातली साखर, थायरॉइड आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या सांगतील, त्या करून घ्या.