पहिल्या ड्रॅगआधी सुटणं शिक

भाऊ, टर्बोचे पैसे सध्या राहू दे. ड्रॅग म्हणजे सरळ पट्ट्यावरची ४०२ मीटरची शर्यत, अन् ती पहिल्या १८ मीटरांतच बिघडते. शंकरपटात जोडी कशी सुटली यावरून जाणत्याला कळतं ना, तसंच.

फ्रंट-व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिन पुढची चाकं फिरवतं अशा गाडीचं वजन सुटताना मागं जातं, पुढची चाकं जागीच फिरतात. म्हणून टायर थंड असताना पुढची हवा ३२ वरून २८ पीएसआयवर आण, मागची तशीच ठेव. साधे रस्त्याचे टायर असतील तर बर्नआउटच्या, म्हणजे चाकं जागीच फिरवून टायर तापवण्यासाठी ओतलेल्या पाण्यात शिरूच नको, बाजूनं जा. खाचांतलं पाणी स्टार्ट लाइनपर्यंत गळत राहतं. सुरुवात ३००० आरपीएमपासून कर. चाकं उड्या मारू लागली की ॲक्सिलरेटरवरचा पाय लगेच उचल, नाहीतर चाकाला ताकद पोचवणारा दांडा, म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट, तुटलाच समज.

स्टार्ट लाइनवरच्या दिव्यांत हिरव्याची वाट पाहू नको, शेवटचा पिवळा पेटताच सूट. धावेची वेळ चाक हलल्यावरच मोजली जाते, पण जिंकतो तो शेवटी आधी पोचणारा, त्यामुळे कमी वेळ काढूनही उशिरा सुटणारा हरू शकतो.

आपल्याकडच्या मे महिन्यात हवा विरळ होऊन ताकद घटते. दुपारच्या आकड्यांवर गाडी जोखू नको.

अन् समृद्धीवर सराव अजिबात नको.