तुझ्या हातच्या गोळ्या रेंजवरच राहू देत

अरे, काल रात्री पाठवलेला फोटो बघितला. तू घरी पावडर भरून बनवलेल्या पन्नास गोळ्या डब्यात उभ्या मांडलेल्या, पितळ कसं लक्ष्मीपूजनाला घासलेल्या भांड्यांसारखं लखलखतंय. पहिल्या हिवाळ्यात मला एवढी सफाई जमली नव्हती, माझ्या एका गोळीत तर पावडरच टाकायची राहिली, ती नळीत अडकून बसली आणि मी पुढची झाडणार तेवढ्यात नेमबाजीच्या रेंजवर शेजारच्या लेनवाल्याने हात धरला म्हणून आज दहाही बोटांनी टाइप करतोय. तेव्हा काम झकास झालंय. पण खाली लिहिलंयस ना, 'काका, कॅरीलाही याच वापरीन म्हणतो', म्हणजे बाहेर फिरताना अंगावर बाळगायच्या बंदुकीत, तिथे मी अडलो.

तुला कोणीतरी सांगितलं असेलच की उद्या सेल्फ डिफेन्समध्ये गोळी झाडावी लागली तर सरकारी वकील ज्युरीला म्हणेल, बघा, दुकानातल्या गोळ्या कमी पडल्या म्हणून याने घरी जास्त जीवघेण्या बनवल्या. म्हणेलही, पण त्याला उत्तर देता येतं. मी वकील नाही, पण मला भीती वाटते ती काजळीची.

गोळी सुटली की नळीतून जळके, अर्धवट जळके पावडरचे कण पण उडतात, हीच ती काजळी, जवळून झाडली तर कपड्यावर, कातडीवर बसतात, लांबून नाही. लॅबवाले तीच बंदूक आणि तशीच गोळी घेऊन वेगवेगळ्या अंतरांवरून कापडावर झाडतात आणि त्यावरून अंतर काढतात. सेल्फ डिफेन्समध्ये सगळं त्या अंतरावरच येऊन ठेपतं, तू म्हणणार तो चाकू घेऊन तीन फुटांवर होता, साक्षीदार म्हणणार पंधरा फूट लांब होता. आता 'तशीच गोळी' आणायची कुठून? कंपनीच्या बॉक्सवर लॉट नंबर असतो, तसली गोळी मिळवता येते. तुझ्या गोळीत किती ग्रेन (पावडर मोजायचं वजन) पावडर होती हे तुझी वही सांगणार, आणि वही लिहिणारा कोण, तर आरोपी.

आपल्या न्यू जर्सीतच १९८९ मध्ये हे घडलंय. बायको घरात डोक्यात गोळी लागून गेली, नवरा म्हणाला तिने स्वतःच झाडून घेतली. रिव्हॉल्वरमध्ये त्याने घरी भरलेल्या गोळ्या, तिला धक्का सोसत नाही म्हणून मुद्दाम हलक्या. डोक्यावर काजळी नाही. लॅबने टेस्ट केली ती कंपनीच्या फुल पॉवर गोळ्यांनी, त्यांचे कण ५० इंचांवरूनही बसत होते, मग हिशोब असा झाला की तिचा हात एवढा लांब नाही, म्हणजे झाडणारा दुसरा. नवऱ्याच्या गोळ्यांत पावडर कमी होती हे कोर्टाच्या गळी उतरवता उतरवता बचाव पक्षाच्या नाकी नऊ आले, खटला पुन्हा पुन्हा चालला आणि शेवटी मनुष्यवधाची शिक्षा झाली. तो दोषी होता की नव्हता देव जाणे. ती सेल्फ डिफेन्सची केसच नव्हती असं म्हणणारे बरोबरच म्हणतात, पण केस कसली आहे हे काजळीला कुठे कळतं?

कंपनीची गोळी म्हणजे कवचकुंडलं असंही नाही हं. ऍरिझोनात २००४ मध्ये एका निवृत्त शिक्षकाने रानवाटेवर अंगावर आलेल्या माणसाला मारलं, गोळ्या दुकानातल्याच, तरी १० एमएम (पिस्तुलाची ताकदवान गोळी) आणि हॉलो पॉइंट (टोकाला पोकळ, अंगात शिरून फुलणारी) यावरून कोर्टात काहूर उठलं. शिक्षा झाली आणि अपिलात ती २००९ मध्ये रद्द झाली, तोवर वर्षं गेलीच ना. पण निदान त्या गोळीत काय होतं यावर वाद नव्हता.

आणि टेक्सासवाल्या मित्राचं ऐकून साधे हॉलो पॉइंट भरून बाहेर फिरू नकोस, इथे ते घरी आणि रेंजवर चालतात, कॅरीला नाही. टोकात पॉलिमर भरलेल्या गोळ्या मिळतात, त्या घे. शिवाय तू अजून ग्रीन कार्डवर आहेस, गुन्हा शाबित झाला तर तुरुंगावर भागत नाही, डिपोर्टेशनचं लचांड वेगळं मागे लागू शकतं.

त्याच लॉटचे दोन बॉक्स घे, एक रेंजवर चालवून बघ अडकतात का, दुसऱ्यातल्या बंदुकीत भर आणि उरलेल्या बॉक्ससकट पावती कपाटात ठेव. तुझ्या त्या पन्नास शनिवारी घेऊन ये, कागदावर संपवू, येताना माझा पावडरचा काटा पण आण, दोन महिने झाले नेऊन.