भाडेकरूला घर सोडायची नोटीस स्वतः देता येते का?

प्रश्न: साताऱ्यात आमचं घर आहे. खालच्या मजल्यावरच्या जुन्या भाडेकरूने आठ महिन्यांचं भाडं थकवलंय. वकिलाशिवाय नोटीस देता येईल का? ती बजावायची कशी?

येईल. नोटिशीवर वकिलाचीच सही हवी असं कायद्यात कुठं नाही. पण शनिवार पेठेतल्या आमच्या घरासाठी मी पहिली नोटीस स्वतःच लिहिली आणि ती फुकट गेली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी कागद काढून बघा. नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार असेल आणि मुदत संपली असेल, तर तुमचा रस्ता वेगळा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. तिथं मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट शुल्कही मागता येतं. खालचं सगळं पावतीवरच्या, म्हणजे असा करार नसलेल्या आणि भाड्याची पावती घेऊन राहणाऱ्या जुन्या भाडेकरूबद्दल आहे.

मी काय केलं होतं? '१५ दिवसांत घर खाली करा, नाहीतर सामान बाहेर काढू' असं ठोकून दिलं, आणि थकबाकीत लाइट बिल, नळदुरुस्ती सगळं घालून एकच आकडा टाकला. वकीलसाहेबांनी तो वाचला आणि कागद उलटा करून ठेवला. १५ दिवसांची मुदत मालमत्ता हस्तांतरण कायद्यातली. थकलेल्या भाड्यावरून ताबा मागायचा तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १५ प्रमाणे आधी भाड्याची लेखी मागणी करायची, आणि ती बजावल्यापासून ९० दिवस झाल्याशिवाय दावा लावता येत नाही. तेवढ्यात त्याने सगळं भरलं, तर या कारणावरचा दावा गेला. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के सरळव्याजाने कोर्टात भरली, पुढचं भाडं भरत राहिला आणि दाव्याचा खर्च दिला, तरी तो वाचतो.

दुसऱ्या नोटिशीत मग धमकी नव्हती. दोघांची पूर्ण नावं, सिटी सर्व्हे नंबर, महिन्याचं भाडं, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत थकलं, एकूण किती. तीन वर्षांपलीकडची बाकी धरू नका, ती मुदतबाह्य होते. मूळ भाडेकरू वारला असेल तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्यांची नावं घाला. घर मुलासाठी हवं असेल तर तेही लिहा, कारण खरी गरज हा कलम १६ मधला वेगळा आधार आहे.

आता बजावणी. पहिली नोटीस मी शेजारच्या पोराच्या हाती पाठवली होती. सही नाही, काही नाही. भाडेकरू म्हणाला, "काका, मला कागदच मिळाला नाही." दुसरी रजिस्टर एडीने गेली, पोचपावतीवर वहिनींची, म्हणजे भाडेकरूच्या बायकोची सही आली. घरातल्या माणसाने घेतलेली चालते. (२०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा पोच मिळेल अशी सेवा मागून घ्या.) पाकीट 'घेण्यास नकार' शेऱ्यासह परत आलं तर ते फोडू नका, तसंच बंद ठेवा; कोर्टात तेच कामाला येतं.

९० दिवसांत नळ किंवा लाइट तोडायचा मोह होतो. कलम २९ प्रमाणे ते उलट तुमच्यावरच येतं. मनीऑर्डर आली तर रागाने परत पाठवू नका. भाडं द्यायची तयारी होती, हे त्याच्या बाजूने जातं.

आमच्याकडे ८६ व्या दिवशी खात्यात पूर्ण रक्कम जमा झाली. तो अजून खालीच राहतो, आणि भाडं पाच तारखेच्या आत येतं.