स्वप्नात पहिला नंबर आला, आता परीक्षेला बसू की नको?

प्रिय मावशी,

मी चीनमधून एमबीबीएस करून परत आले आहे. इथं प्रॅक्टिस करायची तर एफएमजीईची परीक्षा पास व्हावी लागते आणि माझे आधीचे प्रयत्न वाया गेलेत. तिकडे आमच्या होस्टेलवर देखरेखीला एक आयी होत्या (त्या वयाच्या बायकांना तिकडे सगळे आयीच म्हणतात). त्या आमची स्वप्नं ऐकून झोऊ गोंगच्या पुस्तकातला अर्थ सांगायच्या. पेपर कोरा राहिल्याचं स्वप्न पडलं की म्हणायच्या, "छान झालं, स्वप्न उलटं असतं, पास होशील." आणि मी पास व्हायचे.

आता गेल्या महिन्यात स्वप्नात मी आमच्या गावच्या शाळेत बसले होते. बाईंनी निकाल वाचला आणि माझा पहिला नंबर. जागी झाले ती घाबरूनच, कारण उलटं म्हणजे नापास. त्याच आठवड्यात दुसरं स्वप्न पडलं. परीक्षेच्या हॉलमध्ये मी माझं पेन मैत्रिणीला देऊन टाकलं. ॲपवर अर्थ पाहिला, तर विद्या घटणार असं लिहिलेलं. फॉर्मची मुदत संपत आली आहे. बाबांना भरला म्हणून सांगितलंय, पण भरलेला नाही. रात्री झोप येत नाही. शाळा-परीक्षेच्या स्वप्नांचा चिनी लोकांत खरा अर्थ काय मानतात? घरी विचारलं तर हसतील.

एक भावी डॉक्टर, अहिल्यानगर जिल्हा

प्रिय भावी डॉक्टर,

आधी फॉर्म भर. मग उरलेलं वाच.

तुझ्या प्रश्नात हसण्यासारखं काही नाही. परीक्षेच्या तोंडावर स्वप्नांचा अर्थ शोधत फिरणं हे चीनमध्ये शेकडो वर्षं हुशारातल्या हुशार मुलांनी केलेलं आहे. म्हणून तुला उत्तर देते ते त्यांच्याच परंपरेतून. तुझ्या ॲपनं त्या परंपरेचं एक टोक तेवढं तुझ्या हातात दिलंय, आणि तेही सगळ्यात कच्चं.

झोऊ गोंग हा सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा राजपुरुष. राजा असलेला भाऊ वारला तेव्हा पुतण्या लहान होता. त्याच्या वतीनं यानं राज्य सांभाळलं आणि पुतण्या कर्ता झाल्यावर ते त्याच्या हवाली केलं, म्हणून चिनी लोकांच्या मनात त्याला मोठा मान. उतारवयात कन्फ्यूशिअस हळहळला होता, की मी फार थकलो, झोऊ गोंग माझ्या स्वप्नात यायचा थांबला त्याला किती दिवस झाले! स्वप्नांशी झोऊ गोंगची गाठ पडली ती अशी. वर्गात डुलकी लागलेल्या मुलाला "झोऊ गोंगला भेटायला गेला" असं तिकडे अजून म्हणतात, तूही ऐकलं असशील. पण स्वप्नांचं पुस्तक त्यानं लिहिलेलं नाही. ते पुढच्या लोकांनी त्याच्या नावावर रचलं आणि पिढ्यान् पिढ्या वाढवत नेलं. वायव्य चीनमधल्या डुनह्वांगजवळच्या एका बंद गुहेत १९०० साली हजारो जुन्या पोथ्या सापडल्या, त्यात त्याच्या नावाच्या स्वप्नपोथ्याही निघाल्या, हजारेक वर्षांपूर्वीच्या.

आपल्या पंचांगात अंगावर पाल पडल्याची फळं छापलेली असतात ना, तशाच या याद्या. एका ओळीत स्वप्न, त्याच ओळीत फळ. टेबलावर पुस्तक दिसलं तर पद आणि पगार मिळणार. कुणी वाचत बसलेलं दिसलं तर घरात भाग्यवान मुलगा जन्मणार. लेखणी आणि शाई उगाळायचा दगड दुसऱ्याला उसना दिला तर लिखाणाचा दर्जा घसरणार. तुझ्या ॲपनं ही शेवटची ओळ घेतली आणि लेखणीच्या जागी पेन बसवलं. वर्ग, हॉलतिकीट, निकालाची यादी यांच्या नोंदी तर अगदी अलीकडे घातलेल्या आहेत. जुन्या पोथ्यांच्या काळात तसली शाळाच नव्हती.

या याद्यांहून वेगळी, विचार करणारी अशी एक परंपरा चीनमध्ये फार आधीपासून आहे. झोऊ राजघराण्याच्या दरबाराची व्यवस्था सांगणाऱ्या एका प्राचीन ग्रंथात स्वप्नांचा अर्थ लावणारा स्वतंत्र अधिकारी आहे आणि स्वप्नांचे सहा प्रकार दिले आहेत. त्यातला एक प्रकार म्हणजे, दिवसभर जे मनात घोळतं त्याचं पडणारं स्वप्न. पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात वांग फू नावाचा एक विद्वान होऊन गेला. सरकारी नोकरीच्या वाटेला तो कधी गेला नाही, घरी बसून लिहीत राहिला. त्यानं दहा प्रकार सांगितले. काही स्वप्नं सरळ खरी होतात, काही खुणेतून बोलतात, काही ऋतूमुळे पडतात, काही आजारामुळे, काही उलटी असतात. आणि एक प्रकार असा, की माणूस ज्याचा ध्यास घेतो ते त्याला स्वप्नात येऊन पोचलेलं दिसतं आणि ज्याची काळजी करतो तीच गोष्ट स्वप्नात घडते.

तुझी दोन्ही स्वप्नं इथं बसतात. पहिला नंबर हा तुझा ध्यास. हातातून पेन जाणं ही तुझी काळजी. परीक्षेला बसलेल्या मुलीला परीक्षेची स्वप्नं पडली, यात वांग फूलासुद्धा भाकीत दिसलं नसतं.

तू म्हणशील, मग आयींचं उलटं स्वप्न खोटं का? खोटं नाही. वांग फूच्या दहांत ते आहे, आणि त्यानं दिलेलं उदाहरण तू नीट ऐकावंस असं मला फार वाटतं. इ. स. पू. ६३२ मध्ये चंगपूच्या लढाईआधी जिन राज्याचा शासक वेन याला भयंकर स्वप्न पडलं. छू राज्याच्या राजाशी त्याची झोंबाझोंबी चालली आहे, छूचा राजा त्याच्या छाताडावर बसून त्याचा मेंदू चोखतो आहे. वेन पार हादरला. तेव्हा त्याचा सल्लागार म्हणाला, हे शुभ आहे. तुम्ही उताणे होतात, म्हणजे तुमचं तोंड आकाशाकडे, आकाश आपल्या बाजूला. तो पालथा होता, म्हणजे मान खाली घालून अपराध कबूल करणारा. पुढे लढाई झाली आणि वेन जिंकला.

स्वप्न उलटं करून वाचलं ते कुणासाठी? भ्यालेल्या माणसासाठी, त्याला उद्या उभं राहता यावं म्हणून. तुझ्या आयीही तेच करत होत्या. घरापासून हजारो मैलांवर आलेली मुलगी सकाळी रडवेली होऊन खाली येते, तिला पेपरला जायचं बळ हवं असतं, ते त्या देत होत्या. त्या माउलीचे उपकार मान. पण तिनं तुला धीर देण्यासाठी जे वापरलं, ते तू स्वतःला घाबरवायला वापरते आहेस. चांगलं स्वप्न पडलेल्या मुलीला आयींनी कधी म्हटलं होतं का, की "उलटं असतं, आता नापास होशील"? तुझ्या पत्रात तरी तसं काही नाही. आणि तिथं तू पास झालीस ती अभ्यास करून झालीस, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

पेनाच्या स्वप्नाची भीती मला समजते, कारण त्यामागे चीनमधली एक जुनी गोष्ट उभी आहे. पाचव्या-सहाव्या शतकातला कवी ज्यांग यान. तरुणपणी त्याच्या लिखाणाचं मोठं नाव झालं. मग म्हणे एका रात्री पूर्वीचा थोर लेखक ग्वो पू त्याच्या स्वप्नात आला आणि म्हणाला, "माझी लेखणी कित्येक वर्षं तुझ्याकडे आहे, ती परत दे." यानं छातीशी हात घालून पाच रंगांची लेखणी काढून दिली. त्यानंतर त्याला एकही चांगली ओळ सुचली नाही, असं सांगतात. पण बघ, त्या गोष्टीत लेखणी मुळात दुसऱ्याची होती. तू आपलं पेन आपण होऊन मैत्रिणीला दिलंस. ज्या परंपरेत स्वप्न कुणाचं, कुठल्या परिस्थितीतलं, हे पाहिल्याशिवाय अर्थच लावत नाहीत, तिथं या दोन गोष्टी एका ओळीत बसत नाहीत. वांग फू तर स्वच्छ सांगतो, की एकच स्वप्न एकाला शुभ आणि दुसऱ्याला अशुभ असू शकतं.

शिवाय तू वैद्यकाची विद्यार्थिनी. चिनी वैद्यकाचा एक फार जुना ग्रंथ, ह्वांगदी राजाच्या नावानं ओळखला जातो तो, तुमच्या कानावरून गेलाच असेल. त्यात म्हटलंय, पोट फार भरलेलं असलं तर काहीतरी देण्याची स्वप्नं पडतात आणि भूक लागलेली असली तर घेण्याची. म्हणजे त्या वैद्यानं तुला विद्येबद्दल विचारायच्या आधी रात्री किती उशिरा आणि काय जेवतेस ते विचारलं असतं. मीही विचारते. रात्री अकराला जेवून बारापर्यंत मोबाइलवर स्वप्नांचे अर्थ बघत असशील, तर झोप कशी यावी?

आता तुझ्यासारख्याच परीक्षार्थींबद्दल थोडं. चीनमधली सरकारी नोकरीची जुनी परीक्षापद्धत सुमारे तेराशे वर्षं चालली आणि १९०५ मध्ये बंद झाली. प्रांताची परीक्षा तीन वर्षांतून एकदा यायची, एकेका कोठडीत बसून द्यायची, आणि बहुतेकांच्या वाट्याला अपयशच यायचं. कित्येकांचे केस पिकले तरी ते बसतच राहिले. ही मुलं परीक्षेआधी देवळात जाऊन झोपायची, देवानं स्वप्नात काहीतरी सांगावं म्हणून. फूज्येन प्रांतातलं 'नऊ माशांचं तळं' यासाठी प्रसिद्ध होतं. हांगचौमध्ये यू छ्येन या मंत्र्याच्या स्मारकातही रात्र काढायला परीक्षार्थी येत.

त्या तळ्यावर गेलेल्यांत चित्रकार तांग यिन होता. त्याला स्वप्नात शाईच्या दहा हजार वड्या मिळाल्या, असं सांगतात. लिहिणाऱ्या माणसाला याहून चांगलं स्वप्न कुठलं? १४९८ मध्ये नानजिंगच्या परीक्षेत तो पहिला आला होता. पुढच्याच वर्षी राजधानीतल्या परीक्षेत पेपर फुटल्याच्या आरोपात तो अडकला आणि अधिकारी होण्याची वाट कायमची बंद झाली. सुचौला परत येऊन तो चित्रं आणि कविता यांवर जगला, आणि आपल्या बागेतल्या मंडपाला त्यानं 'स्वप्नातली शाई' असं नाव दिलं. दहा हजार वड्यांचा अर्थ पास की नापास, यातलं काहीच नव्हतं. त्या शाईचं काय करायचं ते त्याचं त्यानं ठरवलं.

वांग फूनं सगळे प्रकार सांगून झाल्यावर जे लिहिलंय ते तुझ्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. त्याचा आशय असा: शुभ खूण दिसली आणि माणूस नीट वागत राहिला तर शुभ घडतं, शुभ खूण दिसली म्हणून सैल सुटला तर तेच शुभ फिरतं. अशुभ दिसलं आणि माणूस सावध झाला तर संकट टळून भलं होतं. स्वप्नाचं फळ त्यानं सकाळी उठून माणूस काय करतो त्यावर ठेवलं. तुझं शुभ स्वप्न एकाच गोष्टीनं उलटं होऊ शकतं, फॉर्म न भरण्यानं.

म्हणून आता तुझ्या सकाळीबद्दल बोलते. तुला जो घोर लागलाय तो झोऊ गोंगमुळे लागलेला नाही, असं मला पत्र वाचताना सारखं वाटलं. बाबांना भरला म्हणून सांगितलेला आणि न भरलेला फॉर्म, हे एक वाक्य तू पत्राच्या शेवटाकडे घाईघाईनं लिहून पुढे गेलीस. शिक्षणासाठी घरातून किती पैसा गेला, गावात लोक काय विचारतात, तुझ्याबरोबर परत आलेल्यांपैकी कोण पास झालं, यातलं तू काहीच लिहिलं नाहीस, पण ते सगळं तुझ्या उशाशी असणार. पुन्हा नापास झाले तर, ही भीती उघड बोलायची लाज वाटते. स्वप्न वाईट आहे म्हणून बसत नाही, हे स्वतःशी म्हणायला सोपं जातं. तुला दोष देत नाही मी. थकलेली माणसं अशीच एखादी फट शोधतात.

फॉर्म भरलास की त्याच संध्याकाळी बाबांशी बोल. "आधी भरला म्हणून सांगितलं ते खरं नव्हतं, भीती वाटत होती, आज भरलाय," एवढंच. ते रागावतील कदाचित. पण परीक्षेच्या दिवशी हे ओझं डोक्यावर घेऊन हॉलमध्ये बसण्यापेक्षा तो राग परवडला. आईला आधी विश्वासात घेता आलं तर घे.

परीक्षेचा हिशेब तुला पाठ आहे, तरी मी पुन्हा मांडते. ३०० प्रश्न, त्यातले १५० बरोबर यायला हवेत, चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. पहिला नंबर इथं कुणी मागतच नाही. आधीच्या प्रयत्नांत कुठले विषय कमी पडले ते कागदावर मांड आणि एकटीनं अभ्यास करत असशील तर तुझ्यासारखंच परत आलेलं कुणीतरी सोबतीला शोध. ॲप मोबाइलमधून काढून टाक. ते खोटं आहे म्हणून नाही सांगत. रात्री अंधारात एकटीनं एका ओळीत भविष्य वाचणं तुला आत्ता सोसत नाही, म्हणून सांगते.

आणि झोपेचं. उठल्यावर स्वप्न आठवलं तर चार ओळी लिहून ठेव, अर्थ लावू नकोस, आंघोळीला जा. जेवण लवकर कर. एवढं करूनही दोन आठवड्यांत झोप सुधारली नाही, किंवा दिवसाही छातीत धडधड आणि रडू येत राहिलं, तर तालुक्याच्या ठिकाणी मानसोपचार तज्ज्ञाला दाखव, नाहीतर सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ वर फोन कर. तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. उद्या तू हेच तुझ्या पेशंटला सांगशील.

तुझी,
मावशी