थिनर म्हणजे ॲसिटोन नव्हे, आणि वास म्हणजे औषध नव्हे

प्रश्न (सावळज भाग, द्राक्ष): ऑक्टोबर छाटणीनंतर पोपटी अवस्थेत (घड कोवळे, पोपटी असताना) जी.ए. (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संजीवक) मारलं. ते विरघळवायला ॲसिटोन नव्हतं म्हणून दुकानदारानं थिनर दिलं. "दोन्ही एकच, जास्त पडलं तरी काही होत नाही, उलट पानात घुसायला मदत होते," म्हणाला. 600 लिटरच्या टाकीत दोन लिटर ओतलं. टाकीच्या शेवटी मारलेल्या चार-पाच ओळींची पानं करपली, आधीच्या ओळी बऱ्या आहेत. रोग आहे का? आता काय मारू?

उत्तर: रोग नाही. आणि काहीही मारू नका.

रोग टाकी बघून येत नाही. टाकीच्या सुरुवातीच्या ओळी चांगल्या आणि शेवटच्या करपलेल्या, ही एकच खूण मला पुरते. अशा बागा मी दर हंगामात बघतो. ॲसिटोन पाण्यात कितीही घाला, एकजीव होतं. थिनरमध्ये मुख्य माल टोल्युइन किंवा झायलिन असतो. हे दोन्ही पाण्यापेक्षा हलके आणि पाण्यात जवळजवळ न मिसळणारे. ढवळणी कमी पडली की तवंग वर येतो, पंप खालून पाणी ओढतो आणि तवंग राहतो शेवटच्या पन्नास लिटरला. म्हणजे शेवटच्या ओळींवर तुम्ही जी.ए. नाही, रंगाऱ्याचं थिनर मारलंत. दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. जी.ए. ॲसिटोनमध्ये किंवा शुद्ध अल्कोहोलमध्ये विरघळतं, नुसत्या टोल्युइनमध्ये विरघळत नाही. त्यामुळे आधीच्या ओळींना डोस सारखा गेला असेल याची खात्री धरू नका. 10 पीपीएम (दहा लाख भागांत 10 भाग) म्हणजे 100 लिटरला 1 ग्रॅम, 600 लिटरला 6 ग्रॅम. ग्रॅमला 30-40 मिली ॲसिटोन धरलं तर पाव लिटरमध्ये काम होतं. दोन लिटरचा हिशेब कुठून आला, हे दुकानदारालाच विचारा.

तासगावच्या एका बैठकीत मी टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोलचा तुकडा टेबलावर ठेवला आणि त्यावर थिनरचे चार थेंब सोडले. चर्र करून भोक पडलं, खालचं टेबल दिसायला लागलं. पुढच्या बाकावरचे एक आजोबा उठून आले, भोकात बोट घालून बघितलं आणि न बोलता जागेवर जाऊन बसले. पानावर मेणाचा पातळ थर असतो, तोच पान वाचवतो. पोपटी अवस्थेत तो अजून कोवळा असतो. त्यावर तेच थिनर, त्यात अकरा-बाराचं ऊन असेल तर, मग पान राहील कसं?

फवारून तासाभराच्या आत लक्षात आलं असतं तर साध्या पाण्यानं धुवायला सांगितलं असतं. आता वेळ गेली. करपलेल्या पानाला कोणतंही टॉनिक हिरवं करत नाही. दुकानदार आता अमिनो, समुद्री शेवाळ, "रिकव्हरी किट" दाखवेल. घेऊ नका. अर्धवट हिरवी पानं काढू नका, पाणी नेहमीसारखं द्या, नवी फूट येऊ द्या. आणि जी.ए.चा दुसरा हात त्या ओळींवर "राहून गेलं" म्हणून देऊ नका.

प्रश्न (पलूस, ऊस व सोयाबीन): यंदा इसी (पाण्यात घातलं की दुधाळ होणाऱ्या) औषधाला पूर्वीसारखा उग्र वास नाही. दुकानदार म्हणतो पॉवर कमी झाली, डबल घाला.

उत्तर: घालू नका. वास बहुतेक वेळा औषधाचा कमी आणि सॉल्व्हंटचाच, म्हणजे औषध ज्यात विरघळवतात त्या द्रवाचा, जास्त असतो. क्लोरपायरीफॉस 20 टक्के इसी घ्या. शंभर भागांत विष वीस भाग, बाकी बहुतेक सॉल्व्हंट आणि इमल्सिफायर. किडीचं हे विष पाण्यात विरघळत नाही म्हणून ते आधी झायलिनसारख्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवतात. इमल्सिफायरमुळे त्याचे बारीक थेंब पाण्यात तरंगतात, म्हणून टाकी दुधासारखी पांढरी होते. झायलिन हे कीटकनाशक नाही. तेच रंगात असतं, छपाईच्या शाईत असतं, पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये काचपट्ट्या तयार करायला लागतं. कंपनीनं सॉल्व्हंट बदललं की वास बदलतो, किडीवरचा परिणाम बदलत नाही.

डोस डबल केलात की विष डबल आणि सॉल्व्हंटही डबल. अळी मरेल न मरेल, पान हमखास भाजेल. पाणी निम्मं करून औषध तेवढंच ठेवलंत तरी टाकीतला डोस डबलच होतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. लेबलवर लिहिलंय तेवढंच. दुकानदाराच्या बोटांवर मोजलेलं नाही, बाटलीच्या झाकणानं नाही, मापानं. औषध बनावट वाटत असेल तर फवारू नका. पक्कं बिल आणि न फोडलेला डबा घेऊन आमच्याकडे कृषी कार्यालयात या, गुण नियंत्रण निरीक्षक नमुना काढतो. बिल नसेल तर माझे हात बांधलेले असतात.

द्राक्षवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवा: मणी सेटिंगनंतर (मणी धरल्यावर) घडावर इसी नको. मण्यावरची लव (मेणाचा पांढुरका थर) जाते, डाग पडतात आणि व्यापारी तोच घड बाजूला काढतो. त्या अवस्थेत दुसऱ्या प्रकारातलं शिफारशीचं औषध विचारून घ्या, दुकानात नाही, आमच्याकडे.

प्रश्न (बेडग): चार औषधं एकत्र केली, टाकीत दही झालं, नोझल तुंबले. औषध खराब होतं का?

उत्तर: औषध नाही, मिश्रण खराब होतं. आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड, त्यात चार डबे एकदम. एक पद्धत मी गेली कित्येक वर्षं सांगतोय आणि जे करतात त्यांच्या टाकीतलं मिश्रण फाटलेलं मी बघितलेलं नाही: बरणीची परीक्षा. काचेची एक लिटरची बरणी घ्या. टाकीत घालणार तेच पाणी अर्ध्यापर्यंत भरा. लिटरच्या मापानं आधी पावडर, हलवा, मग घट्ट द्रावणवाली औषधं, मग इसी, सगळ्यात शेवटी स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव). उरलेलं पाणी भरा, हलवा आणि अर्धा तास बांधावर ठेवून द्या. वर तेलाचा तवंग, खाली गाळ, मध्ये चोथा किंवा बरणी गरम, यातलं काहीही दिसलं की ते मिश्रण टाकीत जाणार नाही. बोर्डोबरोबर (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाबरोबर) काहीच मिसळू नका. अर्ध्या तासाची बरणी एकराची बाग वाचवते. दुकानदार ती करायला सांगणार नाही, कारण बरणीतलं मिश्रण फाटलं की त्याचे दोन डबे कमी खपतात.

प्रश्न (कवठेमहांकाळ): औषधांची खोली उघडली की डोकं धरतं, गरगरतं. माळ्यावर ठेवली तर चालतील?

उत्तर: माळ्यावर नको, घरातच नको. या सॉल्व्हंटची वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड. ती जमिनीलगत साचते, म्हणून बंद खोलीत वाकलं की चक्कर येते, दारू प्यायल्यासारखं होतं. झायलिनची वाफ 25 ते 30 अंशांच्या आसपास ठिणगीनं पेट घेते, टोल्युइनची तर 4 अंशांवरच. आपल्याकडे एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली किती होतं ते तुम्हाला माहीत आहे. तिथं बिडी काडी नको, मोटरचा स्टार्टर नको. खाली-वर हवा खेळेल अशी वेगळी, कुलपाची जागा करा.

झायलिन कातडीवरचं तेल काढून टाकतं, हात फुटतात, आणि फुटक्या हातातून विष आत जातं. पातळ रबरी हातमोजे फुगतात, पंपाचे वॉशर फुगतात तसेच. नायट्राइलचे घ्या, भिजले की बदला. हात थिनरनं किंवा रॉकेलनं धुऊ नका, साबण आणि भरपूर पाणी. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी टाकीतच ओता, ओढ्यात किंवा विहिरीत नाही, आणि डब्याला भोक पाडा.

इसी पोटात गेलं तर ओकारी काढायला लावू नका. मिठाचं पाणी नको, घशात बोटं नकोत, दूध-तूप नको. हे गावोगाव करतात आणि त्यातच माणूस जातो. ओकताना सॉल्व्हंटचा थोडा अंश जरी फुप्फुसात उतरला तरी फुप्फुस भाजतं, मग विषावरचा इलाज राहतो बाजूला. कपडे काढा, अंग धुवा, माणसाला कुशीवर निजवा, 108 ला फोन करा आणि डबा लेबलसकट सोबत द्या. डॉक्टरला विषाचं नाव आणि सॉल्व्हंट दोन्ही कळायला हवं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून शेतकरी गेले, ती वेळ आपल्या तालुक्यावर आणू नका.

फवारणीत विषबाधेनं मृत्यू आल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदानातून वारसाला 2 लाख मिळतात. सातबारा, पोलीस पंचनामा, शवविच्छेदन अहवाल लागतो, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लगेच करायचा. बाकी कागद कार्यालयात सांगू. बरणी मात्र आजच धुऊन ठेवा.